ठमीची रात्रपाळी

सर्जेराव कोंढरे आमच्या डोक्यावर राहत. ह्यात रागाचा भाग नाही, इमारतीच्या रचनेचा आहे. ते तिसऱ्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या, आणि मधला स्लॅब घालणाऱ्याने सिमेंट इतकं जपून वापरलेलं की वर वाटी पडली तर ती स्टीलची की पितळेची हे आम्हाला खाली कळायचं. स्वारगेटच्या मागे त्या काळी अशा सोसायट्या भराभर उभ्या राहिल्या. भिंतींना कान असतात म्हणतात, आमच्या छताला होते.

सर्जेराव एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. जन्मभर रात्रपाळी केली. दिवसा गाड्या रस्त्यावर असतात, म्हणून मोठी दुरुस्ती रात्रीच निघते. सुरुवातीला नवा माणूस म्हणून त्यांना रात्र दिली, पुढे हाताला गुण आहे म्हणून रात्रीलाच ठेवलं. दिवेलागणीच्या आत डबा घेऊन ते जिना उतरत आणि सकाळी मी दुधाला निघालो की ग्रीसचा वास घेऊन वर चढत असत. आमचं बोलणं जिन्यातच व्हायचं. 'काय साहेब?' 'काय सर्जेराव?' एवढंच. मी पाटबंधारे खात्यात साधा कारकून होतो, पण त्यांच्या लेखी टेबलावर बसणारा प्रत्येक जण साहेबच.

त्यांच्या बायकोचं नाव मथुराबाई. नवरा दिवसा झोपणार म्हणून ही बाई सगळा दिवस कुजबुजत जगली. घरात रेडिओ नाही, मसाला कुटणं नाही, हाका मारणं नाही. कुकरची शिट्टी झाली तर नवरा उठेल म्हणून ती डाळ-तांदळाचा कुकर उचलून खाली आमच्याकडे आणायची, आमच्या गॅसवर शिट्ट्या करून घ्यायची आणि गरम कुकर पदरात धरून परत वर न्यायची. माझी बायको उल्का तिला म्हणायची, 'मथुराबाई, जरा बसा.' त्या उंबऱ्याशी टेकायच्या आणि त्यांचं एकच वाक्य ठरलेलं असायचं. 'एकदा हे रिटायर झाले ना, की रात्रीचं घरात माणूस असंल.' ह्यापलीकडे त्यांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितल्याचं मला माहीत नाही.

रात्री घरात माणूस नाही, म्हणून मांजर. मथुराबाईंनी कायम मांजर पाळलं आणि प्रत्येकीचं नाव ठमी. एक ठमी गेली की दुसरी ठमी. नवं नाव शोधायची त्यांना गरज वाटत नसे. सर्जेराव ह्या सगळ्या ठम्यांना फक्त दिवसा ओळखत. ते झोपलेले आणि पायथ्याशी मांजरही झोपलेलं. मांजर हा मुळात झोपणारा प्राणी आहे अशी त्यांची पक्की समजूत होती. माझीही तीच होती, कारण इतकी वर्षं डोक्यावर मांजर असून मला त्याचं पाऊल कधी ऐकू आलं नाही. ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आली नाही. शांतता कुणाच्या लक्षात येते?

सर्जेराव रिटायर व्हायला थोडेच दिवस राहिले असताना मथुराबाई गेल्या. झोपेतच गेल्या. सकाळी सर्जेराव दार वाजवत उभे राहिले. असं कधी होत नसे, कारण जिन्यातली पावलं ओळखून ती बाई कडी काढून ठेवायची. शेवटी आम्ही दोघातिघांनी मिळून कडी तोडली. मथुराबाई कुशीवर होत्या आणि पायाशी आधीच्या ठमीचं पिल्लू बसलं होतं, मुठीएवढं. सर्जेराव डब्याची पिशवी हातात घेऊन तसेच उभे राहिले. नंतर कितीतरी वेळाने मीच ती पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली.

पुढे निरोपसमारंभ झाला, शाल-नारळ मिळाला, आणि सर्जेराव घरी आले. आता रात्री घरात माणूस होता.

पावसाळ्यात वरचा दंगा सुरू झाला. पिल्लाचं एव्हाना तरणंताठं मांजर झालं होतं. आम्ही दिवा मालवला की थोड्या वेळात वर कुणीतरी शर्यत लावल्यासारखी धाव सुरू व्हायची. दारापासून गॅलरीपर्यंत, गॅलरीपासून पुन्हा दारापर्यंत. मग फळीवरून धप्पकन उडी. मग एखादं भांडं. मग जरा शांतता, म्हणजे आपल्याला डोळा लागेल एवढीच, आणि पुन्हा धाव. मला रक्तदाबाचा त्रास, उल्काला अर्धशिशी. मी सकाळी जिन्यात सर्जेरावांना म्हणालो, 'वर घोडदळ ठेवलंय का?' ते ओशाळून म्हणाले, 'ठमी हाय साहेब. ल्हान हाय.' मी म्हणालो, 'लहान असताना ठीक होतं. आता मोठी झाली, म्हणून तर विचारतोय.'

शेवटी एका रात्री मी वर गेलोच. भांडायच्या पूर्ण तयारीने गेलो, चार वाक्यं जिना चढता चढता जुळवली होती. दार उघडंच होतं. सर्जेराव स्टोव्हसमोर बसले होते, पूर्ण जागे, दाढीबिढी केलेली, अंगात खाकी शर्ट. स्टोव्हवर चहा उकळत होता. समोर एक बशी, बशीत दूध, आणि दूध पिणारी ती महामाया. डेपोत मध्यरात्री काम थांबवून सगळे चहा घेत. ती वेळ झाली की सर्जेरावांचं अंग आपोआप उठायचं. निवृत्तीचा कागद त्यांना मिळाला होता, अंगाला मिळाला नव्हता. रात्रपाळीत एकट्याने चहा घ्यायचा नाही, समोर जो असेल त्याच्यासाठी घोटभर काढायचा, ही तिथली रीत. समोर ठमी होती, म्हणून तिची बशी.

'या साहेब, चहा घ्या,' ते म्हणाले. जुळवलेली चार वाक्यं तशीच राहिली. मी कडक आवाजात म्हणालो, 'सर्जेराव, हे मांजर आम्हाला झोपू देत नाही.'

'तिला तरी झोप कुठं हाय?' ते म्हणाले. 'ती शोधतीया, साहेब. रातच्याला उठती आन् सगळं घर हुडकती. कॉटखाली बघती, फळीवर बघती, दाराशी जाऊन वरडती. बाईच्या पायाशी झोपायची ना. त्या राती तीच व्हती जवळ. मी नव्हतो.' त्यांनी बशीत आणखी दूध ओतलं. 'म्हणून मी उठून बसतो तिच्यासंगं. बोलतो जरा. मग निवती.'

मी चहा पिऊन खाली आलो. उल्काने विचारलं, 'भांडलात?' मी म्हटलं, 'चहा चांगला करतात.' ती कपाळाला बाम चोळत भिंतीकडे तोंड करून झोपली. वर धाव पुन्हा सुरू झाली होती.

दया येते आणि झोपही येते, आणि दोन्हींत बहुतेक वेळा झोप जिंकते. तक्रार माझ्या एकट्याची नव्हती, शेजारच्यांचीही होती. सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला आणि ठरलं की दिवाळीच्या आत मांजराची व्यवस्था लावावी. व्यवस्था हा शब्द अशा वेळी फार सोयीचा असतो. सर्जेराव मागे उभे होते, बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. सगळं ऐकून 'बरं' म्हणाले.

त्यांची मुलगी प्रेमला लोणी काळभोरला दिलेली. ती आली, आधी घर झाडून काढलं, मग बापाला म्हणाली, 'आबा, द्या मी नेते. आमच्या गोठ्यात उंदरं काय कमी हायती? खाईल, पडंल.'

'मागली ठमी तिकडंच नेलेली,' सर्जेराव म्हणाले.

मागली ठमी, म्हणजे ह्या पिल्लाची आई, मथुराबाईंना दम्यासारखं होतं म्हणून कुणीतरी सांगितल्यावरून लोणीला धाडली होती. पिल्लू दूध तोडण्याइतकं झालं होतं म्हणून मागे राहिलं. आई आठवड्याच्या आत सोलापूर रस्त्यावर ट्रकखाली गेली. बहुधा घरी परत निघाली होती. जाताना प्रेमला आमच्या दारात थांबली आणि म्हणाली, 'काका, तुम्हीच बघा काय व्हतंय का. दिवाळीला मी येते. नसंल जमलं तर नेते. पण ती गेली तर आबांचं काय खरं नाय.'

आता हे माझ्याच गळ्यात. तक्रार मी करायची आणि तोडगाही मीच काढायचा. ऑफिसातल्या एकाकडे कुत्रा होता, त्याने जनावरांच्या एका डॉक्टरचं नाव सांगितलं. रविवारी सकाळी सर्जेरावांनी ठमीला वायरच्या पिशवीत घातलं, वरून टॉवेल बांधला, आणि आम्ही निघालो. दवाखान्यात एक म्हैस, दोन शेळ्या आणि आम्ही. डॉक्टर तरुण होता. त्याने ठमीचे दात पाहिले, पोट दाबलं, कान पाहिले आणि म्हणाला, 'ठणठणीत आहे.'

सर्जेरावांनी त्याला सगळं सांगितलं. शोधण्याचं तर दोनदा सांगितलं.

'शोधत वगैरे नाही हो काका,' डॉक्टर म्हणाला, आणि तो काही वाईट माणूस नव्हता. 'वर्षाच्या आतलं मांजर आहे. अंगात नुसती रग असते. घरात कोंडलेलं, शिकार नाही, तुम्ही दिवसा झोपता म्हणून तेही दिवसभर झोपतं. मग ती रग बाहेर कधी पडणार? अंधार पडल्यावरच. त्यात ते दंगा करतं आणि तुम्ही उठता, बोलता, दूध देता. त्याला वाटतं, जमलं. दुसऱ्या दिवशी जास्त करतं.' मग त्याने उपाय सांगितला. दुपारी अधूनमधून उठवायचं. संध्याकाळी दोरी, चिंधी काहीतरी नाचवून चांगलं दमेपर्यंत खेळवायचं, शिकार पकडल्यासारखं शेवटी पकडू द्यायचं, आणि लगेच पोटभर जेवण. दमलेलं आणि जेवलेलं मांजर झोपतं. रात्री मात्र काही झालं तरी उठायचं नाही, रागवायचंही नाही, कारण रागावणंही त्याला खेळच वाटतो. 'पहिले काही दिवस आणखी पिसाळेल. तुम्ही हललात की संपलं.'

'आन् दुःख?' सर्जेरावांनी विचारलं.

'कसलं?'

'बाई गेल्याचं.'

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, 'असेल सुरुवातीला. नंतर विसरतात.'

परत येताना सर्जेराव बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. स्वारगेटला उतरल्यावर डेपोच्या फाटकासमोर थांबले, आत उभ्या गाड्यांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, 'म्हंजे हुडकणारा एकटा मीच.' मी न ऐकल्यासारखं केलं.

घरी मी उल्काला डॉक्टरचा उपाय सांगितला, तर ती म्हणाली, 'ह्यासाठी डॉक्टर कशाला? मथुराबाई रोज हेच करायच्या. सर्जेराव कामाला गेले की, तुम्ही ऑफिसातून यायच्या आत, गॅलरीत त्यांचा खेळ चालायचा. नाडीला चिंधीची गाठ मारलेली, ती घेऊन ह्या टोकापासून त्या टोकाला. चांगली पन्नाशीची बाई, पदर खोचून पळायची. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका हसायच्या. मग मांजराला भाकरी-दूध घालायच्या आणि दोघी झोपायच्या.'

हे सर्जेरावांना सांगायला मी वर गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, उठले आणि दारामागच्या खिळ्यावरून एक नाडी काढली. टोकाला चिंधीची गाठ, गाठीवर दातांच्या खुणा. 'ही इतकी वर्सं हितं हाय,' ते म्हणाले. 'मला वाटायचं, रॉकेलचा डबा बांधायची आसंल.' ती नाडी ते हातात फिरवत राहिले. बायको पदर खोचून पळायची हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते गेल्यावर पळायची, आणि ते यायच्या आत पुन्हा कुजबुजायला लागायची.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उपाय धरला. मेकॅनिक माणूस, एकदा काय बिघडलंय ते कळल्यावर हयगय नाही. दुपारी ठमी पसरली की उठवायचे, आणि तिला उठवायचं म्हणून स्वतःही जागे राहायचे. संध्याकाळी गॅलरीत खेळ. गुडघे गेलेले, म्हणून स्टुलावर बसून नाडी फेकायचे आणि ओढायचे. समोरच्या बायका हसल्याच. ठमी धापा टाकायला लागली की गाठ तिला पकडू द्यायची आणि मग भाकरी-दूध. दिवाळी तोंडावर आली होती.

पहिल्या रात्री मी खाली जागा होतो. वर तिने आकाशपाताळ एक केलं. धावली, भांडी पाडली, मग कॉटजवळ येऊन ओरडत राहिली. सर्जेराव हलले नाहीत. नंतर त्यांनी मला सांगितलं, ती चादरीवरून अंगठा चावत होती आणि ते डोळे मिटून पडले होते. चहाची वेळ झाली, अंग उठायला बघत होतं, त्यांनी कॉटची पट्टी धरून ठेवली. चहा केला तर ती येणार, आली तर बशी मागणार. 'तीस वर्सांत चहा चुकवला नव्हता,' ते म्हणाले. 'ती वरडत व्हती आन् मला वाटत व्हतं, म्हणत आसंल, ह्योबी मेला काय.'

असे बरेच दिवस गेले. मग धाव कमी झाली. मग नुसती एक फेरी. मग एका रात्री काहीच नाही. उल्का आणि मी अंधारात पडून वाट पाहत राहिलो, आणि वाट पाहता पाहता झोपलो.

दिवाळीत प्रेमला रिकामी पिशवी घेऊन आली आणि रिकामीच घेऊन गेली. आमच्याकडे चकल्या देताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. 'लई उपकार झाले, काका,' म्हणाली. सेक्रेटरींनी जिन्यात सर्जेरावांची पाठ थोपटली. सगळ्यांना वाटलं, मिटलं.

मलाही वाटलं. पण भाऊबीजेनंतर एका रात्री मला जाग आली. वर पावलं वाजत होती. मांजराची नव्हेत. मांजर धावतं आणि थांबतं, ही पावलं थांबत नव्हती. दारापासून गॅलरीपर्यंत, गॅलरीपासून दारापर्यंत, अनवाणी, दुखऱ्या गुडघ्याची, एक जड आणि एक हलकं. मध्येच स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, मग एक कप खाली ठेवल्याचा. पुन्हा पावलं. उल्काही जागी होती. ती म्हणाली, 'मांजर सुधारलं.'

दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच. मागे एकदा मी त्यांना झोपेच्या गोळ्या सुचवल्या होत्या, त्या त्यांच्या घेऊन झाल्या होत्या. गोळीने डोकं जड होतं म्हणाले, रात्र काही कमी होत नाही. सगळा उपाय मांजराचा होता. सर्जेरावांना कोण संध्याकाळी दमवणार होतं?

तक्रार करायला मी कधी लाजलेलो नाही. पाण्याच्या दाबापासून पेपरवाल्याच्या उशिरापर्यंत मी सगळ्याची तक्रार केली आहे आणि बहुतेक ठिकाणी माझं बरोबर होतं. पुढच्या आठवड्यात सर्जेराव जिन्यात समोर आले. डोळे खोल गेले होते, दाढी मात्र केलेली होती. वर जाता जाता थांबले.

'साहेब, आता तरास नाय ना?'

'नाही,' मी म्हणालो. 'अगदी शांत असतं.'

त्यांनी मान हलवली. 'झोपती आता. रातभर झोपती.' कठड्याला धरून ते दोन पायऱ्या चढले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, 'काल चहा केला, बशी ठिवली. हालवून उठवली तिला. डोळा उघडला, वळखलं मला. आन् परत झोपली.'